एकसष्ट टोके

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा पूर्वी चित्रपट संग्रहात फिल्म दुरुस्तीचा, सध्या काही नाही, आज शनिवारी सकाळी चहा घेऊन, चष्मा लावून आणि दाराला कडी घालून लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांच्या मते हृदय तितकेसे ठिकाणावर नाही, पण मृत्युपत्राला डोके पुरते असे वकीलबाईंनी सांगितले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे आहे, पण ते जन्मापासूनचे असल्याने धरू नये.

माझे नाव मुखपृष्ठावर टंकून घेतले आहे. कामावर मला सगळे सांधेवाली म्हणत. तुटलेली फिल्म सांधणारी ती सांधेवाली. पस्तीस वर्षे हेच ऐकल्यामुळे आता कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर मी मागे वळून बघते, कोणाला बोलावतात म्हणून. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आताही लिहायचा कंटाळा आला आहे, पण एक गोष्ट निकालात काढल्याशिवाय सुटका नाही. ती सातव्या कलमात आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी तिथून वाचावे.

कलम एक. माझ्या मालकीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या ताईला मिळाव्यात. ती इथे राहायला येणार नाही हे मला ठाऊक आहे. जिना तिला चढवत नाही आणि "तुझ्या घराला दवाखान्याचा वास येतो" असे ती गेली तीस वर्षे म्हणते आहे. तिने खोल्या भाड्याने द्याव्यात. न्हाणीघराचा नळ डावीकडे फिरवला की बंद होतो, उजवीकडे नव्हे. हे भाडेकरूला पहिल्या दिवशी सांगावे. मी प्लंबरांना सांगून सांगून थकले.

कलम दोन. बँकेत असेल ते ताईलाच. माझे जे काय करायचे ते साधे करावे, भाषणे नकोत. संग्रहातून कोणी बोलायला उठलेच तर त्याच्या हातात चहाचा कप द्यावा.

कलम तीन. हत्यारे. पाते, खरवडणी, दाबपट्टी, दोन ब्रश, सुती हातमोजे सहा जोड आणि खालून दिवा लावता येतो असे काचेचे टेबल. ही सर्व संग्रहातल्या सध्याच्या दुरुस्तीवालीला द्यावीत. ती सगळे यंत्रावर करते, तिला हसू येईल. येऊ दे. मात्र पाते दर महिन्याला पारजावे, बोथट पात्याने फिल्म कापली जात नाही, चावली जाते. फिल्म चिकटवायचे द्रावण जुने झाले आहे, ते टाकावे. त्याचा वास नखांचा रंग पुसायच्या बाटलीसारखा असतो आणि तो माझ्या हाताला कायम असे. मला बघायला आलेल्या एका गृहस्थांनी बशी घेताना तो वास घेतला आणि आईला विचारले, "मुलगी काही औषध घेते का?" मी लग्न का केले नाही असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हे नोंदवते. मला त्याचे वाईट वाटले होते, हेही नोंदवते.

कलम चार. पुस्तके, एकशे चाळीस. बहुतेक त्या लेखकांची, ज्यांना ऱ्हासवादी म्हणतात. ताईला कळावे म्हणून सोपे करून लिहिते. चित्रपट जन्माला यायच्या थोडे आधी युरोपात काही लेखक झाले. त्यांना खऱ्या फुलापेक्षा कापडाचे फूल आवडे, सकाळपेक्षा संध्याकाळ, धडधाकट बाईपेक्षा आजारी बाई. दिवसा पडदे ओढून घ्यायचे आणि अत्तराच्या बाटल्या ओळीने मांडून हुंगत बसायचे, असा एकंदर कारभार. यांना आठवडाभर भांडी घासायला बसवायला हवे होते असे मला वाचताना फार वेळा वाटले. पण लिहायचे असे की वाचता वाचता माझीच भांडी तशी पडून राहत. मग चित्रपट आला. तोही अंधाऱ्या खोलीतला, तोही नकली, त्यातही उशीवर केस पसरून पडलेल्या बाया. या लेखकांचा त्या पहिल्या चित्रपटांवर कुठे आणि किती ठसा उमटला, हा माझ्या डॉक्टरेटचा विषय. ती मला मिळाली नाही.

पुस्तके माझ्या भाचीला, म्हणजे ताईच्या मुलीला मिळावीत. गेली चार वर्षे ती याच विषयावर प्रबंध लिहिते आहे. निम्मी पुस्तके तिने आधीच लांबवली आहेत. "नेते हं मावशी," म्हणते, परत आणायचे नाव नाही.

कलम पाच. सरांचे पुस्तक. हे वरील एकशे चाळीसांत धरू नये. ते खिडकीच्या खालच्या फळीला टेकू म्हणून लावले आहे, काढल्यास खिडकी खाली येईल. पहिल्या पानावर सरांच्या अक्षरात लिहिले आहे, "संग्रहातील कुशल हातांस." हातांस. वर डोके होते हे त्यांच्या लक्षात आले नसावे.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. माणूस वाईट नव्हता. मी संध्याकाळच्या वर्गांना बसून एम. ए. केले, तेव्हा डॉक्टरेटला नाव घाल म्हणून माझ्या मागे लागले ते सरच. स्वतःचे ग्रंथालयाचे कार्ड त्यांनी मला वापरायला दिले होते. हे आधी लिहिते, कारण पुढचे लिहिल्यावर लिहिण्याची इच्छा उरणार नाही.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी युरोपातल्या एका बंद पडलेल्या रंगशाळेतून, म्हणजे फिल्म रंगवायच्या कारखान्यातून, तीन डबे आले. त्या काळी चित्रपट काळापांढरा असे आणि मग फिल्म रंगात बुडवून काढत. दिव्याच्या उजेडातला प्रसंग पिवळा, आगीचा तांबडा, रात्रीचा निळा. पहिल्या डब्यात सगळे पिवळे तुकडे होते, दुसऱ्यात तांबडे, तिसऱ्यात निळे. कुठेही नाव नाही, मजकुराची पाटी नाही. कोठारपालांनी नोंदवहीत लिहिले, "रिळे तीन." म्हणून मी पहिल्या डब्यातले तुकडे सांधून एक रीळ केले, मग दुसऱ्यातल्यांचे, मग तिसऱ्यातल्यांचे. प्रत्येक तुकड्याच्या टोकाच्या चार-पाच चौकटी डागाळलेल्या होत्या आणि त्यांवर शाईचा आकडा होता. रंगशाळेचा काही हिशेब असेल म्हणून मी टोके कापली. आमच्या कामात टोक कापावे पण टाकू नये असा नियम आहे. मी ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. एकसष्ट टोके.

सर तो चित्रपट बघायला आले तेव्हा यंत्र मीच फिरवले. आधी पिवळे: नाच, जेवणावळ, आरसा, आणि शेवटी एक बाई टेबलाशी बसून दुधात पाव बुडवून खाते. मग तांबडे: घराला आग. मग निळे: तीच बाई बिछान्यात, शेजारी डॉक्टर, तिचे डोळे मिटतात, संपले. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. "अगं, गोष्टच नाही ही! नुसते रंग!"

त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. ऱ्हासवाद्यांनी अत्तरे मांडली तसे या अनाम दिग्दर्शकाने प्रसंग रंगांनुसार मांडले, कथा फेकून दिली आणि नायिकेला मरणाच्या निळाईत विरघळवले, असे त्यात आहे. पाव-दुधाच्या प्रसंगावर अकरा पाने आहेत. तो जगण्याला दिलेला तुच्छतेचा निरोप आहे म्हणे. पुस्तक सहा भाषांत गेले. सर देशोदेशी बोलून आले.

पुढे अकरा वर्षांनी माझ्या प्रबंधासाठी मी रंगशाळेतल्या कामगारांचे एक जुने माहितीपत्रक मागवले. शब्दकोश घेऊन वाचत होते. त्यात तीन सूचना होत्या. एका रंगाचे सर्व तुकडे एकत्र बुडवावेत. बुडवण्यापूर्वी टोकावर क्रमांक घालावा. वाळल्यावर क्रमांकाप्रमाणे जोडावेत.

ती तिसरी पायरी राहिली होती. रंगशाळा बंद पडली म्हणून राहिली होती, आणि ती करायची जबाबदारी माझ्यावर आली होती. धोब्याने पांढरे कपडे एका बादलीत आणि रंगीत दुसरीत भिजवावेत आणि त्यात कोणी काव्य शोधावे, तसे आमचे झाले होते.

मी डबा उघडून टोके काचेच्या टेबलावर आकड्यांप्रमाणे लावली. सरळ गोष्ट निघाली. नाच होतो, आग लागते, बाई आजारी पडते, डॉक्टर येतो. एकसष्टावे टोक पिवळे होते, पाव-दुधाचे. बाई मेली नव्हती. ताप होता, उतरला, भूक लागली.

मी सरांकडे गेले. त्यांनी टोके दहा मिनिटे पाहिली. त्या दिवसापर्यंत ते मला "अगं, तू" म्हणत. ते म्हणाले, "बाई, तुमचं काम सांधायचं. अर्थ आम्ही लावतो."

कलम सहा. माझा प्रबंध, टंकलिखित चारशे बारा पाने, लोखंडी कपाटात. ठसा उमटलाच नाही असे माझे म्हणणे कधीच नव्हते. नेपथ्यात आहे, बायकांच्या हातांच्या हालचालींत आहे, आरशांत तर जागोजाग आहे. पण त्या एका चित्रपटात जो सांगितला तो नाही, हे पाचव्या प्रकरणात आहे. सर म्हणाले, "पाचवं काढा, आज सही करतो." मी काढले नाही. विद्यापीठाच्या खिडकीवर दर दोन वर्षांनी मुदतवाढीचा अर्ज घेऊन जायची. तिथला कारकून म्हणे, "तुम्ही आहात का अजून?" तो निवृत्त झाला, त्याच्या जागी दुसरा आला, त्यानेही हेच विचारले.

आता खरे लिहिते. मी हे कुठेही छापू शकले असते. पण मग सांगावे लागले असते की चूक मी केली, आणि संग्रहाची वस्तू घरी नेऊन ठेवली, तीही पेट घेणारी जुनी फिल्म. नोकरी गेली असती. सरांनी अडवले हे खरेच, पण सरांना नावे ठेवत मी माझ्या भित्रेपणावर सत्तावीस वर्षे पांघरूण घातले. प्रबंध रद्दीत द्यावा. पाचवे प्रकरण वेगळे काढून डब्याबरोबर ठेवावे.

कलम सात. सदर डबा. टोके आता चिकट होऊ लागली आहेत. काहींची तपकिरी भुकटी झाली आहे. फार तर एखादे वर्ष टिकतील. डबा शेगडीपासून लांब, पलंगाखाली आहे.

भाचीच्या प्रबंधाचे चौथे प्रकरण पूर्णपणे सरांच्या सिद्धान्तावर उभे आहे. ती तो चित्रपट बघूनच या विषयात आली. दर रविवारी येते, मला वाचून दाखवते आणि मी "छान" म्हणते. महिनाअखेर तिला प्रबंध द्यायचा आहे. कॉलेजातली जागा तिच्यासाठी ठेवली आहे, पदवी झाली की रुजू. ताई मागच्या महिन्यात जिना चढून आली होती, दोनदा मध्ये बसून. तिला डब्याचे ठाऊक आहे. म्हणाली, "तुझं गेलं ना सगळं त्या पायी? बास झालं. माझ्या पोरीचं घालवू नकोस."

म्हणून असे लिहून ठेवते की डबा आणि पाचवे प्रकरण भाचीला पदवी हातात पडल्यावरच द्यावे. त्याआधी मी मेले तर ताईने सांभाळावे.

रविवार, दुपार. कलम सात वाचून बघितले. पदवीनंतर द्यावे म्हणजे काय? तोवर तिचे नाव त्या सिद्धान्ताला बांधले गेलेले असेल, आणि मग ती डबा उघडून माझ्यासारखीच पलंगाखाली सरकवेल. ताई माझ्या भल्याचे सांगत नव्हती, पण पोरीच्या भल्याचे सांगत होती, आणि मला इतका थकवा आहे की कोणीही काही सांगितले तरी पटते. कलम राहू दिले.

रविवार, संध्याकाळ. भाची येऊन गेली. चौथे प्रकरण पक्के करून आणले होते. पाय वर घेऊन बसली आणि वाचू लागली. "मरणाच्या निळाईत ती..." इथपर्यंत आली आणि माझ्या तोंडून निघून गेले.

"मेली नाही गं ती."

"कोण?"

"ती बाई. ताप होता तिला."

मग सगळे सांगितले. डबा काढला. तिने हातमोजे घातले आणि एकसष्ट टोके टेबलावर स्वतः लावली. मी मदत करायला गेले तर म्हणाली, "तू बस." शेवटचे टोक लावून झाल्यावर तिने हातमोजे काढले. मला वाटले प्रकरणाचे, नोकरीचे बोलेल.

"मावशी, चार वर्षं तू ऐकत होतीस?"

"हो."

"आणि छान म्हणत होतीस."

मी तिला सांगायला हवे होते की ते रविवार मला प्राणापलीकडे प्रिय होते. माझ्या विषयावर माझ्याशी बोलणारे जगात दुसरे कोणी नव्हते आणि खरे सांगितले तर ती यायची थांबेल अशी भीती होती. त्याऐवजी मी म्हणाले, "चहा टाकू?" ती टोके जशीच्या तशी टेबलावर ठेवून निघून गेली. पाने पण इथेच राहिली.

सोमवार. ताईचा फोन. "झालं समाधान?" एवढेच म्हणून ठेवला. भाची फोन उचलत नाही. डॉक्टर नाडी बघून म्हणाले, "आज काही दगदग झाली का?" दगदग कसली, मी दिवसभर खुर्चीतून उठले नाही. सरांनी मला एकदा गप्प बसवले, मी तिला चार वर्षे फसवले. कोण जास्त वाईट हे ठरवायला माझ्यात त्राण नाही. कलम सातमधली "पदवीनंतर" ही अट खोडते. डबा तिचा आहे, ती टाकून देवो की ठेवो.

मंगळवार, सकाळ. सह्यांसाठी कोठारपाल आणि तळमजल्यावरचे डॉक्टर आले आहेत. कोठारपालांनी पाचवे आणि सहावे कलम वाचले आणि चष्मा पुसला. म्हणाले, "मी रिळे तीन असं लिहिलं नसतं तर..." मी म्हटले, "तुम्ही लिहिलंत, मी सांधलं. चहा घ्या."

तेवढ्यात भाची आली. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. कोणाकडे बघितले नाही. माझ्या हातातले हे कागद ओढून घेतले आणि उभ्यानेच वाचले. कोठारपाल कपात बघत बसले.

"हे काय, माझ्या पश्चात मिळावा?" ती म्हणाली. "मला मेल्यावर नको. आत्ता दे."

"घे की. तुझाच आहे."

"आणि तू चल. गुरुवारी अकरा वाजता बाईंची वेळ घेतलीय." बाई म्हणजे तिच्या मार्गदर्शक, सरांच्याच विद्यार्थिनी. "नुसता डबा नेला तर कोण विश्वास ठेवेल? म्हणतील, म्हातारीनं जाता जाता काहीतरी खरडून ठेवलं. टोकं कोणी कापली, कधी कापली, हे तुलाच सांगता येतं. समोर बसून सांगायचं."

"तुझं चौथं प्रकरण?"

"गेलं ते."

"नोकरी?"

"जाईल बहुधा. सहा महिने थांबणार आहेत का ते माझ्यासाठी? आईला मी सांगितलंय. ती बोलत नाहीये माझ्याशी." मग कपाटाकडे बोट केले. "पाचवं प्रकरण मी माझ्या नावावर घेणार नाही हं. ते तुझ्या नावानं छापायचं. आणि मी अजून चिडलेली आहे तुझ्यावर, हे लक्षात ठेव."

"ठेवते."

"रविवारी येणार आहे. तेव्हा छान बिन म्हणायचं नाही."

मला रडू आले. डॉक्टरांनी पाणी दिले. साक्षीदारांसमोर हे घडले असल्याने लपवण्यात अर्थ नाही.

तिला साक्षीदार म्हणून सही करायची होती. मी तिला सांगितले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष करू नये, नाहीतर मिळायचे ते जाते, असे वकीलबाईंचे म्हणणे आहे. ती म्हणाली, "मग काढ माझं नाव." सबब कलम चार आणि कलम सात रद्द. उरलेली पुस्तके ती आजच पिशवीत भरून नेते आहे. डबा आता माझ्या मालकीचा नाही. कलम सहाही रद्द, प्रबंध रद्दीत देऊ नये, मला तो लागणार आहे. बाकीची कलमे कायम.

विद्यापीठात त्या बाईंची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. डॉक्टर नको म्हणत आहेत. भाची म्हणते, दर जिन्याला बसू, लवकर निघू. अंग मोडून आल्यासारखे झाले आहे आणि बोलायची तर मला सवयच राहिलेली नाही. पण जाणार. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने केले आहे, मात्र अंमलबजावणीची कोणी घाई करू नये. गुरुवारपर्यंत मला मरायला सवड नाही.

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक : चालू महिन्याची सतरा तारीख, मंगळवार, सकाळचे साडेदहा.

लिहून ठेवणारीची सही : सांधेवाली (पूर्ण नाव मुखपृष्ठावर)

आमच्या समक्ष सही केली :

साक्षीदार एक : चित्रपट संग्रहाचे निवृत्त कोठारपाल.

साक्षीदार दोन : तळमजल्यावरचे डॉक्टर. जिने चढण्यास माझी संमती नाही, याची नोंद घ्यावी.

साक्षीदार तीन : लिहून ठेवणारीची भाची, संशोधक विद्यार्थिनी. या मृत्युपत्रान्वये मला काहीही मिळत नाही.